रिमांड होममध्ये जुळलेली मैत्री बाहेर आल्यावर तोडायचीच का?

गणिताच्या_बाई (धागा)

मी कोल्हापुरात एका शाळेत गणित शिकवते. सुट्टीच्या दिवशी आपल्या भागातल्या एका निरीक्षणगृहात मुलांचं दहावीचं गणित घ्यायला जाते. लोक अजून रिमांड होमच म्हणतात. कुणी मोटारसायकल चोरलेली, कुणी मारामारीत सापडलेला, कुणी त्याहून गंभीर प्रकरणातला. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून लिहिते आहे.

त्यातला एक मुलगा आता घरी जाणार आहे. त्याला घरच्यांनी, पाव्हण्यांनी, शेजारच्या शिकल्यासवरलेल्या काकांनी एकच गोष्ट बजावली आहे: आतल्या पोरांशी संबंध ठेवायचा नाही, फोन नंबरसुद्धा घ्यायचा नाही. सल्ला मायेपोटी दिलेला आहे हे मला कळतं. तरी तो घातक आहे असं माझं ठाम मत आहे.

हा मुलगा आला तेव्हा बोलायचाच नाही. जेवायला बसायचा, ताट पुढं आलं की अर्धं तसंच ठेवायचा. समुपदेशक ताईंसमोर खाली मान घालून बसायचा आणि वेळ संपली की उठायचा. त्याच्याच वयाच्या दुसऱ्या एका मुलानं, ज्याची स्वतःची केस याच्यापेक्षा जड होती, त्याला रोज कॅरमला भिडू म्हणून घ्यायला सुरुवात केली. हा मुकाट्यानं स्ट्रायकर मारायचा. समोरचा दोघांच्या वाटचं बोलायचा, याचा नेम चुकला तरी "चालतंय" म्हणायचा. एका रविवारी मी बाजूला वह्या तपासत होते. भिडूनं राणी घेतली आणि कव्हरची सोपी सोंगटी सोडून भलतीकडेच नेम धरला. त्याबरोबर हा खेकसला, "आरं, कव्हर घे की आधी!" सगळ्यांनी वळून बघितलं. भिडूनं काही न बोलता कव्हर घेतलं आणि खेळ पुढं चालू झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो ताईंशी घरातल्या मारहाणीबद्दल बोलायला लागला.

ताईंचं काम मोठं आहे, ते मी कमी लेखत नाही. पण दार आतून उघडलं ते त्या भिडूनं. यातल्या बहुतेक मुलांना बाहेर "मित्र" म्हणून जे भेटले होते ते वयानं मोठे होते. चौकातला कुणी भाऊ. तो वडापाव देतो, गाडीवरून फिरवतो, वाढदिवसाला हातात तलवार देऊन केक कापायला लावतो, त्याचं रील टाकतो आणि एक दिवस काम सांगतो. ज्याला आपल्याकडून काहीच नको आहे असा बरोबरीचा दोस्त काही मुलांना आयुष्यात पहिल्यांदा त्या चार भिंतींत मिळतो. मुलगा बाहेर आला की आपण नेमका तोच दोस्त तोडतो. चौकातला भाऊ तर कुठं गेलेला नसतो. मग त्या मुलाला उरतो कोण?

हे मी कोल्हापुरातून लिहिते आहे म्हणून आणखी एक. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं एकामागून एक बोर्डिंगं उभी केली. घरी शिकण्यासारखं वातावरण नसलेली मुलं एका छपराखाली आणली आणि मुलांनी मुलांना धरून वर यावं अशी सोय केली. याच राजानं १९१८ मध्ये जन्मावरून गुन्हेगार ठरवलेल्या जातींची गावोगावची रोजची हजेरी बंद केली. फासेपारध्यांना हाकलण्यापेक्षा काम दिलं. त्या शहरानं सोळा वर्षांच्या पोराला "तू आणि तुझा तो दोस्त दोघेही डागी आहात, एकमेकांच्या सावलीला उभे राहू नका" असं सांगावं, हे मला पटत नाही.

माझं म्हणणं एवढंच: या मैत्र्या चोरून चालू राहण्यापेक्षा उघड चालू राहाव्यात. दोन्हीकडच्या आईवडिलांची ओळख करून द्यावी. महिन्यातून एखादी भेट व्हावी आणि तिथं एक जबाबदार मोठं माणूस असावं. तुम्हाला काय वाटतं?

---

हुपरीकर

बाई, तुमच्या पोरांचं कॅरम वाचलं. आता माझ्या धाकट्या भावाचं वाचा.

आमचं घर चांदीकामातलं. भाऊ पैंजणाची जोडणी करायचा. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात फुंकणी, केसाएवढी कडी डाग न पडता झाळायचा. दोन वर्षांपूर्वी किरकोळ वादातून सतरा वर्षांच्या एका पोरानं त्याच्या मनगटावर वार केला. शिरा जोडल्या, हात राहिला. पण अंगठा आणि तर्जनी जुळत नाहीत. चिमटा धरला की दोन मिनिटांत गळतो. आता तो दुकानात बसून वजनं लिहितो.

तो पोरगा आत गेला, काही महिन्यांत बाहेर आला. आम्हाला कुणी कळवलं नाही. भावाला तो थेट बाजारात दिसला, दुसऱ्या दोघांबरोबर गाडीवर. आतलेच दोस्त होते म्हणे. त्या रात्री भाऊ जेवला नाही.

त्याला भिडू मिळाला, समुपदेशक मिळाली, गणिताच्या बाई मिळाल्या. माझ्या भावाला कोण मिळालं? बरं व्हायची सोय फक्त मारणाऱ्यालाच का? तुमच्या सगळ्या लिखाणात ज्याला लागलं त्याचा एक शब्द नाही.

---

मीठभाकर

हुपरीकर यांच्याशी शंभर टक्के सहमत. आधी मार खाल्लेल्याचं बघा.

---

निवृत्त_परिविक्षा

मी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे अशा मुलांची घरची चौकशी आणि देखरेख करणारा) म्हणून नोकरी केली, पश्चिम महाराष्ट्रातल्या तीन जिल्ह्यांत. बाईंच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण मत पूर्ण विरोधी आहे.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. हे आपले लोक उगाच म्हणत नाहीत, आणि ते तपासूनही झालेलं आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ मध्ये ५०६ मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. निम्म्यांना मार्गदर्शक, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं. निम्म्यांना काही नाही. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेनं ती माणसं शोधून काढली. मदत मिळालेल्यांपैकी बरेच जण सांगत होते की आम्हाला फार फायदा झाला. आकडे उलटं सांगत होते. दारू, आजारपण, पुन्हा गुन्हा अशा कित्येक बाबतींत मदत मिळालेलेच मागे होते. पुढं लक्षात आलं की ज्यांना उन्हाळी शिबिराला एकापेक्षा जास्त वेळा पाठवलं होतं, त्यांचं नुकसान सगळ्यांत जास्त झालं होतं.

१९९९ मध्ये मानसशास्त्रज्ञ डिशन, मॅकॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यानं हे सगळं एकत्र मांडलं. डिशननं दोन-दोन मित्रांच्या गप्पांचं चित्रीकरण केलं होतं. नियम मोडल्याच्या गोष्टीवर दोस्त हसला की पोरगा तीच गोष्ट आणखी रंगवून सांगतो. ज्या जोड्यांत असं हसणं जास्त, ती मुलं पुढं जास्त अडकली. मी हे रोज पाहिलं आहे. दिवसा कॅरम, आणि दिवे गेल्यावर गाडीचं लॉक कसं तोडायचं याची शिकवणी. साधी सायकल चोरून आलेला पोरगा बाहेर जाताना चार ठिकाणचे पत्ते घेऊन जातो.

बाई रविवारी दुपारी असतात. रात्री नसतात.

---

वकील_बावडा

मी बाल न्याय मंडळापुढे काम करतो, म्हणून कायद्यापुरतं लिहितो. चर्चेत दोन्ही बाजूंनी अर्धवट माहिती फिरते आहे.

सध्याचा बाल न्याय कायदा २०१५ चा, अमलात आला जानेवारी २०१६ मध्ये. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य असतात, त्यातली एक बाई असावीच लागते. "अल्पवयीन आहे म्हणून काहीच होत नाही" हे खरं नाही. सोळा ते अठरा वयाचा मुलगा आणि किमान सात वर्षं शिक्षेचा निर्घृण गुन्हा असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं आणि प्रौढ म्हणून खटला चालवण्यासाठी प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. दिल्लीतल्या २०१२ च्या निर्भया प्रकरणानंतर ही तरतूद आली. बाकीच्यांना विशेषगृहात (गुन्हा सिद्ध झालेल्या मुलांना ठेवतात ती संस्था) जास्तीत जास्त तीन वर्षं.

आता संगतीबद्दल. कायद्याला तिची जाणीव आहे. जामीन देणं हा नियम आहे, पण सुटल्यावर मूल ज्ञात गुन्हेगाराच्या संगतीत जाईल असं मानायला आधार असेल तर जामीन नाकारता येतो. दुसरीकडं त्याच कायद्यात नव्यानं सुरुवात करू देण्याचं तत्त्व लिहिलेलं आहे. निकालानंतर जुनी नोंद सहसा नष्ट करायची असते आणि ती पुढं नोकरीत आडवी येता कामा नये. म्हणजे आत भेटलेला दुसरा मुलगा हा आयुष्यभराचा "गुन्हेगार" धरून मैत्री तोडायला लावणं कायद्याच्या वृत्तीत बसत नाही.

आणि ज्या कलमाबद्दल या धाग्यात कुणी बोललं नाही ते ८३. मुलाला बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. बाईंचा तो चौकातला भाऊ यात बसतो. माझ्यासमोर पोरं येतात, त्यांना वापरणारा येत नाही. पोराच्या जबाबात त्याचं नाव असतं, तरी हे कलम लागलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. राग धरायचाच असेल तर तिथं धरा.

---

धनगरवाडा

कायदा ऐकला साहेब. मे २०२४ मध्ये पुण्यात सतरा वर्षांच्या पोरानं पोर्शे गाडीनं दोन तरुण इंजिनिअर उडवले. आधी तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन. लोक भडकल्यावर निरीक्षणगृहात. रक्ताचा नमुना बदलल्याचं प्रकरण त्यातलंच. जूनमध्ये उच्च न्यायालयानं सोडलं. २०२५ मध्ये प्रौढ म्हणून खटला चालवायची पोलिसांची मागणीही मंडळानं फेटाळली. पैसेवाल्याच्या पोराला नव्यानं सुरुवात आणि इचलकरंजीच्या मागावरच्या पोराला रिमांड होम. सुधारणा वगैरे गोष्टी गरिबाला शहाणं करायला असतात.

---

वकील_बावडा

धनगरवाडा, तुमच्या रागातलं अर्धं मला मान्य आहे. त्या प्रकरणात यंत्रणेनं बापाच्या पैशापुढं मान तुकवली असा जो आरोप आहे, तो गंभीर आहे आणि तो खटला मोठ्या माणसांवर चालू आहे. पण श्रीमंताच्या पोराला सवलत मिळाली म्हणून मागावरच्या पोराची सवलत काढा, हा न्याय होत नाही. जी वागणूक एकाला मिळाली ती दुसऱ्यालाही मिळू दे अशी मागणी करा. जामीनदार उभा करायला कुणी नाही म्हणून आत राहिलेली मुलं मी पाहिलेली आहेत.

---

एक_आई

माझा मुलगा आत होता. हे मी पहिल्यांदाच कुठं लिहिते आहे.

परिविक्षा साहेब, तुम्ही म्हणता ते मला रोज वाटायचं. भेटायला जायची तेव्हा तो ज्या पोरांच्यात बसलेला दिसायचा, त्यांच्याकडं बघून पोटात गोळा यायचा. मी पण त्याला हेच सांगितलं, आतलं आत ठेवून ये.

तो घरी आला. त्याच्या चुलत्यानं पोरांना आमच्या दारात खेळायला पाठवणं बंद केलं. शाळेनं दाखल्यावर काही लिहिलं नाही, पण "दुसरीकडं बघा" म्हणून सांगितलं. गणपतीच्या मंडळानं वर्गणी घेतली आणि त्याला मांडवात उभं राहू दिलं नाही. त्याला सांगितलं ते दोस्त तोड, मग नवीन दोस्त कुठून आणायचे होते त्यानं? कुणाच्या आईनं आपलं पोरगं माझ्या पोराबरोबर पाठवलं? सहा महिने तो फोन घेऊन गच्चीवर बसून असायचा.

आतला एक मुलगा राधानगरी बाजूचा होता, तो एकदा पत्ता शोधत एसटीनं आला. मी दारातच उभी राहिले, आत घेऊ का नको. त्यानं पिशवीतून घरच्या नाचणीचं पीठ काढून दिलं, म्हणाला आईनं पाठवलंय. माझा मुलगा त्या दिवशी भरपेट जेवला. मी हे चांगलं का वाईट ते ठरवत बसले नाही.

---

गणिताच्या_बाई

हुपरीकर, तुम्हाला सविस्तर उत्तर देणार आहे, आधी परिविक्षा साहेबांना.

साहेब, ते संशोधन मी मानते. पण त्यातून तुम्ही जो निष्कर्ष काढता तो मला पूर्ण वाटत नाही. त्या गप्पांत बिघडवणारी गोष्ट होती ती हशा. चोरीच्या गोष्टीवर हसणारं कुणीतरी होतं आणि "बास" म्हणणारं कुणी नव्हतं. याचा अर्थ पोरं एकत्र आली की बिघडतात असा नाही, पोरं मोकाट एकत्र आली की बिघडतात असा आहे.

त्याच अमेरिकेत मिसूरी राज्यानं बूनव्हिल इथली शेकडो मुलांची जुनी सुधारशाळा १९८३ मध्ये बंद केली आणि राज्यभर छोटी घरं काढली. घराजवळच्या गावात, दहा-बारा मुलांचा एक गट. तोच गट एकत्र जेवतो, शिकतो, झोपतो. गटात कुणाचं बिनसलं की सगळे थांबतात, गोल करून बसतात आणि बोलणं झाल्याशिवाय उठत नाहीत. गटाबरोबर मोठी माणसं चोवीस तास असतात, पण बोलायचं काम मुलं करतात. पुढं इतर राज्यांनी तीच पद्धत उचलली. तिथंही औषध मैत्रीच आहे. फरक एवढाच की ती रात्रीसुद्धा एकटी सोडलेली नाही.

तुम्ही म्हणालात बाई रात्री नसतात. बरोबर आहे. रात्री कोण असतं? एक काळजीवाहक आणि एवढी सगळी पोरं. पदं रिकामी राहतात, माणसं कंत्राटावर येतात आणि पगार थकला की जातात. लॉक तोडायची शिकवणी त्या रिकाम्या खुर्चीमुळं चालते. दोष मैत्रीवर टाकला की ती खुर्ची भरायची जबाबदारी कुणावरच राहत नाही.

---

निवृत्त_परिविक्षा

खुर्ची रिकामी असते हे मान्य. मी स्वतः एका वेळी दोन माणसांचं काम केलेलं आहे. पण बाई, मिसूरीतलं घर आपल्याकडं नाही ना. जे आहे त्यात निर्णय घ्यायचा आहे. जबाबदार मोठं माणूस मिळेल तेव्हा भेटी सुरू करा. ते मिळेपर्यंत नंबर देऊ नका, एवढंच माझं म्हणणं. तुम्ही उलट्या क्रमानं निघालात.

---

शिरोली_फाउंड्री

मी आत होतो. आता चोवीस वय. कुणाला पटो न पटो, लिवतो.

आमी तिघं एका खोलीत होतो. रात्री काय चालायचं ते साहेबांनी बरोबर सांगितलंय. लॉकचं बी चालायचं आणि आईची आठवण काढून रडायचं बी चालायचं. साहेबांना पैलं कळालं, दुसरं नाही, कारण रडताना कोण आवाज करत नव्हतं. एकजण रडाय लागला की दुसरा उठून पाण्याचा तांब्या घेऊन यायचा. बास, तेवढंच. बोलायचं काय नाही.

भाईर आल्यावर पैल्या आठवड्यात आमच्या गल्लीतला जुना गडी गाडी घेऊन दारात. "बस मागं, जरा काम हाय." मी चप्पल घातली बी होती. तसाच आत गेलो आणि त्या दोस्ताला फोन लावला. तो म्हणाला, "बसू नकोस. उद्या सकाळी सातला शिरोलीला ये, मालकाला सांगून ठेवलंय." दुसऱ्या दिवशी गेलो. फेटलिंगला लावलं, म्हंजी ओतलेल्या मालाच्या कडा घासायला. दिवसभर ग्राइंडर, नाकातोंडात काळी धूळ, पैल्या पगारापतोर हात थरथरायचे. आता मोल्डिंगला हाय. त्यो पण हितंच, दुसऱ्या शिफ्टला. माझं लगीन ठरतंय, त्याला सगळं म्हाईत हाय म्हणून पोरीकडच्यांना खरं सांगायला मी त्यालाच घेऊन गेलतो.

तिसरा परत आत गेला. ते लपवत नाही. त्यानं फोन लावला नाही. त्याचा नंबर त्याच्या मामानं सिमकार्ड मोडून बदलला होता, पोरगं सुधारावं म्हणून.

---

निवृत्त_परिविक्षा

बाळा, तू सावरलास याचा मनापासून आनंद आहे. पण तिघांतला एक परत गेला, हेही त्याच मैत्रीचं फळ असू शकतं. आणि तुझा दोस्त वेगळ्या स्वभावाचा निघाला असता तर त्या रात्री त्याच फोनवर उलटं उत्तर आलं असतं. एका माणसाच्या चांगुलपणावर व्यवस्था उभी करता येत नाही.

---

शिरोली_फाउंड्री

साहेब, व्यवस्था कुठं होती त्या रात्री?

---

पेठेचा_फॉरवर्ड

मला वाटतं उत्तर तालमीत आहे. आपल्या पेठांत तालमींचे फुटबॉल संघ आहेत, सकाळी मैदानावर पन्नास पोरं धावतात, वस्तादाचा शब्द पडू देत नाहीत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण, कुठल्याही तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बघा. पोरगं दमून घरी गेलं की झोपतंय. अशा दोघा-तिघांना एकत्र एका संघात घ्या. दोस्ती पण राहील आणि नजरही राहील.

---

रंकाळावेस

पेठेचा_फॉरवर्ड, फुटबॉलवर माझंही प्रेम आहे, लहानपणापासून शाहू स्टेडियममध्ये मॅच बघतो. म्हणूनच सांगतो, तालीम म्हणजे आपोआप चांगली संगत असं धरून चालू नका. दोन पेठांची मॅच संपल्यावर रस्त्यावर काय होतं ते तुम्हीही पाहिलंय. बाटल्या, दगड, मग पोलिसांचा लाठीमार. राग मुठीत घेऊन आलेल्या पोराला तिथं ईर्षेचा झेंडा मिळाला तर तो पहिल्या फळीत असेल. वस्ताद कोण आहे यावर सगळं अवलंबून. काही वस्ताद पोरासाठी शाळेत जाऊन हात जोडतात. काही जण पोरांना निवडणुकीत घोषणा द्यायला आणि बूथवर उभं करायला वापरतात. तो पण चौकातला भाऊच झाला.

---

सुनंदा_आजरा

सगळी चर्चा मुलांची चालली आहे. मुलींबद्दल दोन ओळी. मी वसतिगृहाचं काम पाहिलेलं आहे. मुलीला संस्थेत आणतात ते बऱ्याचदा ती कुणाबरोबर निघून गेली म्हणून. २०१२ च्या पॉक्सो (बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक) कायद्यानं वय अठरा धरलं आहे, त्यामुळं सोळाची पोरगी आणि सतराचा पोरगा पळाले की पोरगा निरीक्षणगृहात आणि पोरगी बालगृहात. तिनं गुन्हा केलेला नसतो, तरी घरी गेल्यावर तिला मैत्रिणीचा फोन लावायची मुभा नसते. आतल्या मैत्रिणींनी एकमेकींना लिहिलेली पत्रं बापानं चुलीत घातलेली मला माहीत आहेत. पुढचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आधीच उरकायचा घाट घालतात. तिच्यावर बेतलं तर कळवायला ती मैत्रीणच उरलेली असते. मुलींच्या बाबतीत माझा बाईंना पूर्ण पाठिंबा.

---

हुपरीकर

बाई, माझं उत्तर राहिलंय.

शिरोलीवाल्या भावा, तुझं वाचलं. तू काम करतोस, बरं वाटलं. पण एक विचारतो. तू ज्याला मारलं असशील, किंवा ज्याचं घेतलं असशील, त्याच्याकडं कधी गेलास का?

---

शिरोली_फाउंड्री

नाही गेलो. जायचं धाडस झालं नाही, आणि आमाला सांगितलं होतं त्या बाजूला फिरकू पण नको. दोस्ताबरोबर बोलणं झालंय यावर. तो म्हणतो मी येतो संगट. पण त्या घरच्यांना मी दारात आलेला चालेल का, हे कुणाला विचारायचं?

---

गणिताच्या_बाई

हुपरीकर, तुमचा पहिला प्रतिसाद आल्यापासून मी यावर विचार करते आहे. तुमचा भाऊ बाजारात त्या मुलासमोर असा अचानक यायला नको होता. सुटकेची माहिती तुमच्या घरी आधी पोचायला हवी होती. मुलाचं नाव छापायला बंदी आहे ती योग्यच आहे, पण तुम्हाला तो आधीपासूनच माहीत आहे. त्यामुळं तुम्हाला कळवल्यानं गुप्ततेला काही धक्का लागत नाही असं मला वाटतं. ही मागणी मी तुमच्याबरोबर उभी राहून करायला तयार आहे. तुमच्या भावाच्या हाताच्या उपचारांसाठी नुकसानभरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. तो केला नसेल तर वकील_बावडा यांनी कृपया मार्ग सांगावा.

पण तुम्ही विचारलंत की बरं व्हायची सोय फक्त मारणाऱ्यालाच का, तिथं मी वेगळं म्हणेन. तुमच्या भावाला काहीच मिळालं नाही हा अन्याय आहे. त्या मुलाचा दोस्त तोडून तो भरून निघत नाही. तो मुलगा एकटा पडला आणि परत त्या चौकात गेला, तर पुढचं मनगट आणखी कुणाचं तरी असेल.

---

वकील_बावडा

हुपरीकर, अर्जाला एफआयआरची प्रत, डिस्चार्ज कार्ड, अपंगत्वाचा दाखला आणि कामाचा पुरावा लागेल. चांदीच्या कामाचं पगारपत्रक नसतं, तेव्हा ज्या मालकाकडं काम करायचा त्याचं पत्र घ्या. उशीर झाला असला तरी कारण लिहून अर्ज द्या. प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे, वकील फुकट मिळतो.

---

हुपरीकर

कागद गोळा करतो. दाखल्याचं काम राहिलंय, सिव्हिलला जाऊन येतो.

मैत्रीचं मला अजून पटलेलं नाही. त्या पोराला गाडीवर हसताना बघितलंय मी, ते डोळ्यासमोरून जात नाही. आणि शिरोलीवाल्या, दारात आलेला चालेल का ते मी सांगू शकत नाही, ते भावाला विचारायला लागेल. तो नाही म्हणाला तर नाही. पण कुणीतरी येऊन आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

---

निवृत्त_परिविक्षा

हे विचारण्याचं काम परिविक्षा अधिकाऱ्याचं असू शकतं. दोन्ही घरी आधी वेगवेगळं जायचं, जखमी बाजूची इच्छा असेल तरच पुढं, आणि घाई करायची नाही. नोकरीत असताना मी दोनदा केलं होतं, एकदा जमलं. मैत्रीबाबत माझं मत बदललेलं नाही: मोठं माणूस आधी, फोन नंबर नंतर. बाई, तुमच्या त्या मुलाच्या सुटकेआधी असं माणूस मिळत नसेल तर मी येतो. निवृत्त आहे, वेळ आहे. मला व्यक्तिगत निरोप पाठवा.